सुट्टीत दुखणं उद्भवलं तर गाडी कोणत्या दिशेला?

दिवाळी, नाताळ आणि मे महिना सरला की वाचकांकडून तेच ते प्रश्न येतात. कोकणात किंवा गोव्यात समुद्रावर गेलो होतो, वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. तिथल्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचं की थेट पुण्या-मुंबईच्या आपल्या डॉक्टरांकडे? मुलगा बुडता बुडता वाचला आणि लगेच खेळायलाही लागला, तरी दवाखान्यात न्यायला हवं होतं का? हॉस्पिटलने आधी पैसे भरा म्हणून अडवलं, ते त्यांना चालतं का? विम्याच्या यादीत ते हॉस्पिटल नव्हतं, मग पैसे गेले का?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर जीव अवलंबून असतो, म्हणून ते आधी. जीवाला धोका आहे अशी शंका जरी आली, तरी सगळ्यांत जवळच्या, डॉक्टर हजर असलेल्या रुग्णालयात जा. तिथे रुग्ण सावरला की मोठ्या ठिकाणी हलवता येतं. आपलं शहर आणि आपले डॉक्टर त्यानंतर.

‘तडक घरी निघू’ हा निर्णय महागात पडतो

समजा, तुम्ही हर्णैला उतरला आहात आणि पहाटे साडेचारला घरातल्या कुणाच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. घाम फुटला, डावा हात भरून आला. अशा वेळी बहुतेक कुटुंबांच्या मनात पुणंच येतं. पण तो रस्ता पावणेदोनशे किलोमीटरहून जास्त आहे, मध्ये घाट आहे, घाटात फोनला रेंज नाही आणि गाडीत ना ऑक्सिजन ना डॉक्टर. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली असेल तर त्या चार-पाच तासांत हृदयाचा स्नायू मरत राहतो. दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय मात्र अर्ध्या तासाच्या आसपास गाठता येतं. तिथे ईसीजी निघू शकतो, आणि निदान झालं तर रक्ताची गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनाचा निर्णय घेता येतो. या इंजेक्शनाचा सर्वाधिक उपयोग पहिल्या दोन-तीन तासांत होतो, बारा तासांनंतर जवळजवळ होत नाही. अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी हे पुढचं. त्यासाठी रुग्णवाहिकेतून पुढे जाता येतं.

‘तालुक्याच्या गावात काय सोय असणार?’ असं म्हणून पाऊल अडखळतं, ते मी समजू शकते. सोयी सगळीकडे सारख्या नाहीत हेही खरं. पण ऑक्सिजन, सलाईन, ईसीजी, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन या गोष्टींनी पहिला तास निभावतो, आणि त्या मिळण्याची शक्यता तुमच्या गाडीपेक्षा तिथे कितीतरी जास्त असते.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे, लकव्याचा. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं यांपैकी काही अचानक झालं तर सीटी स्कॅन असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय गाठा. मेंदूत गाठ आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि गाठीवरचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. लक्षणं नक्की किती वाजता सुरू झाली, ते लिहून ठेवा. झोपेतून उठताना दिसली असतील तर रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, ती वेळ लिहा. अशा रुग्णाला ॲस्पिरिन देऊ नका, पाणीसुद्धा पाजू नका.

पहिला फोन कुणाला?

- 108: महाराष्ट्रात आणि गोव्यातही मोफत रुग्णवाहिका. फोन घेणारी व्यक्ती त्याच गावची असेल असं धरू नका. आधी राज्य, मग जिल्हा, तालुका, गाव आणि ठळक खूण सांगा: ‘महाराष्ट्र, रत्नागिरी जिल्हा, गुहागर तालुका, वेळणेश्वर, देवळामागची गल्ली.’ मुरूड दोन आहेत, एक रायगडात आणि एक दापोलीजवळ. तालुका सांगितला नाही तर गाडी भलतीकडे जाईल.
- 112: पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांसाठी देशभर एकच क्रमांक. तुमच्या कंपनीची रेंज नसली आणि दुसऱ्या कंपनीची असली, तरी हा लागू शकतो.
- 1554: समुद्रात होडी अडकली, कुणी वाहून गेलं तर तटरक्षक दल.
- ज्यांच्याकडे उतरला आहात ते घरमालक: हा फोन मी वरच्या तिन्हींइतकाच मोलाचा मानते. आज ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहेत का, खासगी डॉक्टर गावात आहेत का, रात्री गाडी कुणाची मिळेल, हे त्यांना ठाऊक असतं. रात्री दार वाजवायला संकोचू नका.

रुग्णवाहिका यायला किती वेळ लागेल, ते फोनवरच विचारा. ती चाळीस मिनिटांवर असेल आणि रुग्णालय वीस मिनिटांवर, तर स्वतःच्या गाडीने निघा; रुग्णवाहिकेला वाटेत गाठण्याबद्दलही विचारा. गाडी रुग्णाला चालवू देऊ नका, तो कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी.

डॉक्टर भेटेपर्यंत

छातीत दुखत असेल तर रुग्णाला पाठीला आधार देऊन बसवा, जिने चढू-उतरू देऊ नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर साधारण 300 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्यावी. 108 वरच्या डॉक्टरांना विचारून देणं सर्वांत चांगलं. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट मात्र रुग्णाला आधीपासून लिहून दिलेली असेल तरच द्या. तिने रक्तदाब एकदम उतरतो, आणि शेजारच्या खोलीतल्या काकांची गोळी आपल्या काकांना चालेलच असं नाही. दुखणं छातीतच असेल असंही नाही. स्त्रियांत आणि मधुमेहींत नुसता दम लागणं, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत कळ एवढीच लक्षणं असू शकतात. ‘काल मासे जास्त झाले, पित्त असेल’ म्हणून सकाळपर्यंत वाट पाहिल्याच्या गोष्टी तुमच्या पत्रांत फार असतात.

बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर किनाऱ्यावर जे होतं ते बऱ्याचदा घातक असतं. कुणी पोट दाबतं, कुणी पाय धरून उलटं करतं, पाणी ‘काढायचा’ प्रयत्न होतो. त्यात मोलाची मिनिटं जातात, शिवाय पोटातलं पाणी आणि अन्न श्वासनलिकेत शिरतं. त्याला हवा असतो तो श्वास. म्हणून क्रम असा ठेवा:

1. हाक मारा, खांदे हलवा, छाती हलते का बघा.
2. श्वास नसेल किंवा माणूस नुसता आचके देत असेल, तर उताणं झोपवून डोकं किंचित मागे करा, हनुवटी उचला, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन ते पाच श्वास द्या. छाती वर येताना दिसली पाहिजे.
3. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून दाबा. मोठ्या माणसात सुमारे 5 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. लहान मुलाला एक तळवा पुरतो.
4. तीस वेळा दाबलं की दोन श्वास. रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा तो हालचाल करेपर्यंत न थांबता. दमलात तर दुसऱ्याला बसवा.
5. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, ओले कपडे काढा, कोरडं पांघरूण घाला.

बुडणाऱ्याला वाचवायला पोहता न येणाऱ्याने उडी घेऊ नये. दोर, रिकामा बंद कॅन, बांबू, जे हाताशी असेल ते फेका. गोव्यातल्या मुख्य किनाऱ्यांवर दिवसा जीवरक्षक असतात. महाराष्ट्रातल्या कित्येक किनाऱ्यांवर नसतात, म्हणून तिथे स्थानिक कोळीबांधव ‘आज आत जाऊ नका’ म्हणाले तर तो शेवटचा शब्द माना.

आता तुमचा तो दुसरा प्रश्न. पाण्याखाली गेलेलं मूल बाहेर येऊन हसलं-खेळलं, तरी त्याची शुद्ध थोडा वेळ हरपली असेल, त्याला तोंडाने श्वास द्यावा लागला असेल, खोकला थांबत नसेल, दम लागत असेल, उलट्या होत असतील किंवा ते गळून झोपाळू झालं असेल, तर रुग्णालयात न्याच. रक्तातला ऑक्सिजन तपासून निदान सहा तास देखरेखीखाली ठेवावं लागतं. फुप्फुसांचा त्रास हळूहळू वाढू शकतो.

समुद्रातले दंश. पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे जेलीफिश आणि निळ्या फुग्यासारखे ब्लूबॉटल किनाऱ्याला लागतात. दंश झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोड्या पाण्याने नको, वाळूने चोळणं तर मुळीच नको. चिकटलेले धागे काडीने किंवा चिमट्याने काढा. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं तो भाग बुडवा. व्हिनेगर सगळ्याच जातींना लागू पडत नाही, ते जीवरक्षकांनी सांगितलं तरच लावा. पाकट माशाची नांगी हा प्रकार याहून वेदनादायक. 2013 साली गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांना तिचा प्रसाद मिळाला होता. तिथेही गरम पाणीच, पण तास-दीड तासापर्यंत. पाणी आधी आपल्या हाताला लावून बघा, रुग्णाला वेदनेत भाजल्याचं कळत नाही. नंतर जखम डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर स्वतः उपटू नका.

कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी. अंगावर गांध्या उठल्या एवढंच असेल तर एखादी ॲलर्जीची गोळी पुरेल. ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, चक्कर आली तर मात्र गोळी गिळून थांबू नका. लागतं ते ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीत, आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळतं.

विंचू आणि साप. कोकणातला लाल विंचू नुसता ठणका देऊन थांबत नाही, हृदयावर आणि फुप्फुसांवर परिणाम करतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं आणि या दंशाने जाणारे असंख्य जीव वाचले. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं असं काही दिसलं तर तासाभराच्या आत सरकारी रुग्णालय गाठा. साप चावला तर चिरू नका, आवळून बांधू नका, तो अवयव हलू देऊ नका आणि सरळ निघा.

रुग्णालय आधीच हेरून ठेवा

सामान उतरवून चहा झाला की दोन मिनिटांत होणारं हे काम आहे. श्रीवर्धन-दिवेआगरला असाल तर श्रीवर्धन आणि माणगाव, रायगडातल्या मुरूडला असाल तर तिथलं ग्रामीण रुग्णालय आणि अलिबागचं जिल्हा रुग्णालय, गणपतीपुळ्याहून रत्नागिरी, मालवण-तारकर्लीहून मालवणचं ग्रामीण रुग्णालय आणि पुढे ओरोसचं जिल्हा रुग्णालय. कळंगुट-कांदोळीच्या बाजूला म्हापशाचं जिल्हा रुग्णालय, पाळोळ्याला काणकोण आणि मडगाव, आणि संपूर्ण गोव्यासाठी शेवटचा मोठा आधार म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. दक्षिण सिंधुदुर्गातले रुग्णही गंभीर असले की बांबोळीलाच जातात. गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे काही शुल्क लागतं, ते खासगी हॉस्पिटलच्या मानाने कमीच असतं.

मोबाइलच्या नकाशावर एका गोष्टीकडे डोळेझाक होते, ती म्हणजे खाडी. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला या मार्गांवर गाड्या नेणाऱ्या जेट्टीच्या फेरीबोटी आहेत आणि नकाशा खुशाल त्यांच्यावरून रस्ता दाखवतो. रात्री त्या बंद असतात. हेदवीला उतरलेल्या माणसाला पलीकडचं जयगड अगदी हाकेच्या अंतरावर दिसतं, पण मध्यरात्री त्याला गुहागर, चिपळूण असंच जावं लागतं. शेवटची बोट किती वाजता सुटते, ते घरमालकांना विचारून ठेवा.

तुमचे हक्क, आणि ते कुठवर

परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच सांगितलं की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर तातडीच्या रुग्णाचा जीव वाचवण्याची जबाबदारी आहे, आणि पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. महाराष्ट्रातल्या शुश्रूषागृहांच्या 2021 च्या सुधारित नियमांतही हे आलं आहे. त्यामुळे:

- तातडीचे जीवरक्षक उपचार अनामत रकमेसाठी अडवता येत नाहीत. बुडणं, अपघात, विषबाधा यांत पोलिसांना कळवावं लागतं, पण ते उपचार सुरू ठेवून.
- उपचार झेपणारे नसतील तर रुग्णाला स्थिर करून, चिठ्ठीसह पुढे पाठवायला हवं.
- दरपत्रक लावलेलं असलं पाहिजे, बिल तपशीलवार मिळालं पाहिजे.
- औषधं ठरावीक दुकानातूनच आणा अशी सक्ती नाही.
- बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवता येत नाही.

हा हक्क रुग्ण स्थिर होईपर्यंतचा आहे. पुढचे सगळे उपचार खासगी हॉस्पिटलने फुकट करावेत, असा त्याचा अर्थ नाही. हे नीट कळलं नाही म्हणून वाद विकोपाला जातात. अडवणूक झाली तर आवाज चढवण्यापेक्षा ‘उपचार का नाकारता, ते लेखी द्या’ एवढं शांतपणे म्हणा. त्याने बराच फरक पडतो. एकीकडे 108 ला फोन सुरू ठेवा. तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे नंतरही करता येते. त्या क्षणी रुग्ण हलवणं महत्त्वाचं.

रस्त्यावरच्या अपघातात तुम्ही दुसऱ्या कुणाला मदत केलीत, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ नुसार तुम्हाला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. त्या भीतीने पुढे जाऊ नका, थांबा.

पैसे, विमा आणि योजना

- हॉस्पिटल यादीत नसलं तरी आता कॅशलेस मागता येतं. 2024 पासून सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांनी ही सोय केली आहे. तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून 48 तासांच्या आत कंपनीला कळवायचं. हॉस्पिटलनेही तयारी दाखवावी लागते. छोट्या गावात ती नसते, मग पैसे भरून नंतर परतावा मागा.
- विमा प्राधिकरणाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेस विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय व्हायला हवा. उशिरामुळे हॉस्पिटलचा जो जादा खर्च होईल, तो कंपनीने सोसायचा.
- पॅरासेलिंग, स्कूबा करताना इजा झाली म्हणून दावा आपोआप बाद होत नाही. पॉलिसीतलं प्रमाणित कलम व्यावसायिक म्हणून साहसी खेळ करणाऱ्यांना वगळतं. तुम्ही सहलीला आलेले पर्यटक आहात, हे दाव्यात स्पष्ट लिहा आणि तिकिटाची पावती जोडा.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2024 पासून राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. पांढरी शिधापत्रिका असलेल्यांनाही; हे अजून अनेकांना माहीत नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र भेटतो. तातडीच्या वेळी आधी दाखल होऊन कागद नंतर देता येतात. मदतवाहिनी 155388.

दारू घेतलेली असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. दावा अडेल या भीतीने नातेवाईक खोटं सांगतात आणि भूल देताना, औषधं ठरवताना रुग्णाचा जीव धोक्यात येतो.

कागदांचं काय करायचं

ईसीजीची पट्टी ज्या कागदावर निघते, तो उष्णतेने आणि काळाने फिका पडतो. मेच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली पट्टी घरी पोचेपर्यंत करडी झालेली असते, आणि पुढच्या डॉक्टरांना नेमकी तीच पहिली पट्टी हवी असते. निघताक्षणी तिचा फोटो काढा, वेळ दिसेल असा. रेफर चिठ्ठी, दिलेल्या इंजेक्शनांची नावं आणि वेळा, बिलं, सगळ्याचे फोटो कुटुंबातल्या दोघांना पाठवून ठेवा.

मोठ्या ठिकाणी जायचं ठरलं की काही जण घाईत ‘स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज’ अशी सही करून बाहेर पडतात. डॉक्टर स्वतः पुढे पाठवत असतील, तर कागदावर ‘रेफर’ असाच शेरा मागा. सल्ल्याविरुद्ध नेल्याची नोंद पुढे विम्याला अडचणीची होऊ शकते. निघण्याआधी पुढच्या रुग्णालयाला फोन करून खाट आहे का ते पक्कं करा. खासगी रुग्णवाहिका ठरवताना तीन गोष्टी विचारा: ऑक्सिजन किती तास पुरेल, सोबत डॉक्टर की नुसता चालक, आणि परतीचं भाडं धरून एकूण किती.

दुर्दैवाने रुग्ण गेला आणि मृत्यू बुडून किंवा अपघाताने झाला असेल, तर पंचनामा आणि शवविच्छेदन टाळता येत नाही. ते लवकर व्हावं म्हणून स्थानिक पोलीस ठाण्याशी एकाच नातेवाइकाने बोलावं, मृताचं ओळखपत्र हाताशी ठेवावं. विमानाने न्यायचं असेल तर मृत्यूचा दाखला, शव टिकवण्याची प्रक्रिया केल्याचा दाखला आणि पोलिसांचं ना-हरकतपत्र लागतं.

निघतानाच्या पिशवीत

रोजच्या गोळ्या ठरल्या दिवसांपेक्षा तीन-चार दिवस जास्तीच्या, त्याही पाकिटासकट, म्हणजे नावं वाचता येतील. इन्शुलिन थंड पिशवीत आणि सोबत खोलीवर; किनाऱ्यावर उभ्या गाडीत ते तापून निकामी होतं. ज्येष्ठांचा जुना ईसीजी आणि औषधांची यादी फोनमध्ये. विम्याचं कार्ड, शिधापत्रिकेचा फोटो, आधार कार्ड. थोडी रोख रक्कम, कारण रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत.

बरं वाटलं, आता परत कधी निघायचं?

डिस्चार्ज देणाऱ्या डॉक्टरांना प्रवासाबद्दल स्पष्ट विचारा: किती दिवसांनी, बसून की झोपून, विमान चालेल का. हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच घाटातून सहा तास बसून येणं बरं नव्हे. जिल्ह्याच्या गावी दोन दिवस मुक्काम वाढवणं त्यापेक्षा स्वस्त पडतं. रस्त्याने आलात तर दर दीड-दोन तासांनी थांबा, रुग्णाला पाय हलवू द्या, आणि वाटेतल्या रुग्णालयांची नावं आधी लिहून घ्या: मुंबई-गोवा महामार्गावर कणकवली, रत्नागिरी, चिपळूण, महाड, माणगाव. घरी पोचल्यावर आपल्या डॉक्टरांना दोन-तीन दिवसांत सगळे कागद दाखवा, आणि परताव्याचा दावा पॉलिसीत दिलेल्या मुदतीत, मूळ बिलांसह पाठवा. झेरॉक्स मात्र स्वतःजवळ ठेवा.